दोन्हीकडे पिवळी कडी

टाकवे बुद्रुक
१९ जुलै

ती. दादास,

नमस्कार. मामांना शब्द दिलाय म्हणून नमस्कारापासून सुरुवात करतोय, नाहीतर थेट कामाचंच लिहिणार होतो. गेल्या महिन्यात आपण फोनवर एकमेकांचा उद्धार केला तो दत्तोबामामांनी शेजारी बसून ऐकला आणि काय फर्मान काढलं ते तुला माहीतच आहे. "भाऊ भाऊ आसून फोनवर आसं बोलता? आजपासून फोन बंद. कागदावर लिवा. कागदावर लिवताना मानूस इचार करतो." तुझ्याशी बोलायला मला एवढा विचार लागत नाही, पण असो. हे पत्र दुधाच्या गाडीबरोबर पाठवतोय. उत्तर रिकाम्या कॅनबरोबर पाठव.

काम असं आहे. आंबीजवळ कुणीतरी गोदामासाठी जेसीबी लावला आणि माझी तळेगावहून येणारी लाइन मुळासकट उपटली. मला इंटरनेट देणारे म्हणतात, रस्त्याचं काम संपल्याशिवाय नवी केबल टाकता येणार नाही, म्हणजे गणपतीनंतर. तोवर आंदर मावळातली माझी सगळी गावं बंद. आणि नेमका आत्ताच पुण्याच्या एका कंपनीचा माणूस चकचकीत बूट घालून आमच्या चिखलातून फिरतोय. त्याला पंचायतीच्या खांबांची परवानगी हवी आहे. सरपंच मला तोंडावर म्हणाले, "माऊली, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेपत्तुर लाइन चालू झाली तर खांब तुजे. न्हाई झाली तर आमाला बोल लावू नको." म्हणजे पंधरा तारखेनंतर मी एकतर केबलवाला असेन किंवा कुणीच नसेन.

भाऊंनी हयात असताना टाकलेली लोणावळा-टाकवे केबल अजून जिवंत आहे. बाप गेल्यावर आपली वाटणी झाली, तेव्हापासून तिच्या दोन्ही टोकांना कुणी हात लावलेला नाही. आतल्या काचेच्या तारांपैकी एकच कोर धड आहे, बाकीचे उंदरांनी खाल्ले, पण एकावर भागतं. तुझ्या स्विचमधला एक पोर्ट मला दे, म्हणजे माझी गावं तुझ्या लाइनवर चालू होतील. दोन केबलवाल्यांमध्ये होतो तसा हा व्यवहार समज. मी उपकार मागत नाहीये. हे वाक्य दोनदा वाच, कारण तुला नुसतं पत्र उघडलं तरी उपकार केल्यासारखं वाटतं.

माऊली


लोणावळा
२३ जुलै

चि. माऊलीस,

आशीर्वाद. थोरल्यानं द्यायचे असतात म्हणून दिले, लागतील याची खात्री नाही.

तुझ्या पत्राला दुधाचा वास येत होता आणि आतल्या मजकुराला रडण्याचा. लाइन तुटली की दुसरी वाट लागते, हे तुला लाइन तुटल्यावर सुचलं! धंदा करणारा माणूस दुसरी वाट आधी बघून ठेवतो. भाऊ तुला हेच सांगून थकले आणि तू खांबावर चढून कावळ्यांशी गप्पा मारत बसलास.

वाटणीची रीत काय होती? थोरल्यानं वाटे करायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. मी वाटे केले. तू पहिला हात घातलास आणि काय उचललंस, तर जुना स्विच आणि आंदर मावळ. का, तर तिथली माणसं आपली आहेत. मग माझ्या वाट्याला नवा स्विच आणि लोणावळ्याचे बंगले राहिले. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं बंगल्यात येऊन आधी वायफायचा पासवर्ड विचारतात आणि मग पाणी मागतात. अशी गिऱ्हाइकं तू माझ्यासाठी सोडलीस, याबद्दल मी अजून तुझा आभारी आहे.

तर ऐक. तुझा स्विच एक जी वेगाचा. माझा दहा जीचा. तुझ्या बैलगाडीनं माझ्या हायवेवर यायचं म्हणतोस, ये. मी माझ्या बाजूला दहा जीचं मॉड्यूल खोचून केबल लावून ठेवली आहे. बोटाएवढी वस्तू असते ती, विसरला असशील तर सांगतो: स्विचच्या खाचेत बसते आणि काचेच्या तारेतून उजेड पाठवते. तुझ्या बाजूला तुझ्याकडं जे काय असेल ते लाव. माझं मॉड्यूल तुझ्यासाठी आपोआप हळू होईल. नसेल होत तर तुझ्या स्विचला देवाच्या पाया पडायला सांग.

कैलास


टाकवे
२७ जुलै

ती. दादास,

नमस्कार.

तुझं मॉड्यूल हळू झालं नाही. होणारही नव्हतं. आपण दोघं एकाच खांबावर, एकाच भाऊंच्या शिव्या खात शिकलो, पण तू बंगलेवाल्यांच्या व्हरांड्यात चहा पिऊन पिऊन सगळं धुऊन काढलेलं दिसतंय. म्हणून पहिलीच्या पोराला सांगावं तसं सांगतो.

तांब्याच्या वायरीत दोन स्विच आपसात बोलून वेग ठरवतात. वेगवान असतो तो हळू होतो. फायबरच्या मॉड्यूलला ही समजूत नसते. दहाचं मॉड्यूल दहाच्याच वेगानं लुकलुकणार, एकचं एकच्या. दोन्ही टोकांना एकाच वेगाचं मॉड्यूल लागतं. माझ्या जुन्या स्विचच्या खाचेत दहाचं शिरतं, पण स्विच त्याला ओळखत नाही. तुझ्या नव्या स्विचच्या खाचेत मात्र एकचं चालतं. फक्त त्या पोर्टचा वेग आत जाऊन हातानं एकवर आणावा लागतो. म्हणजे खाली यायचं तर तुलाच यायला लागेल. वर चढण्याची सोय माझ्या बाजूला नाही.

चार दिवस तुझ्या त्या हायवेच्या नादात गेले. सरपंचांच्या घरी त्या बूटवाल्यानं परवा जेवण केलं म्हणे. वेग कमी कर आणि एकचं मॉड्यूल लाव.

माऊली


लोणावळा
२ ऑगस्ट

चि. माऊलीस,

आशीर्वाद.

पोर्ट एकवर आणला. नव्या स्विचवर तो एक आकडा बघून मला लाज वाटली. खोलीत कुणी गिऱ्हाईक आलं तर त्यावर फडकं टाकणार आहे.

कोर एकच आहे, म्हणजे जोडीची मॉड्यूलं लागतात, एका टोकाला निळ्या कडीचं आणि दुसऱ्या टोकाला पिवळ्या कडीचं. एक ज्या प्रकारच्या उजेडात बोलतं तो दुसऱ्याला ऐकू येतो आणि उलट. हे तरी तुला आठवत असेल. मी कोरी जोडी आणली. पिवळ्या कडीचं माझ्याकडं लावलं. निळ्या कडीचं या पत्राबरोबर कॅनच्या झाकणाला बांधून पाठवतोय. वाटणीतलं जुनं भंगार लावू नकोस. तुझ्या घरातल्या कुठल्याही वस्तूवर माझा विश्वास नाही.

आणि हो, ही भीक नाही. तरी तुला तशी वाटली तर वाटू दे. कधीतरी खरं वाटावं माणसाला.

कैलास


टाकवे
५ ऑगस्ट

ती. दादास,

नमस्कार.

तुझं निळं मॉड्यूल मिळालं. खिडकीत ठेवलंय. सारिका म्हणाली, दिसायला छान आहे. इकडं येशील तेव्हा घेऊन जा.

मी माझं पिवळं लावलंय. वाटणीत मला आलेलं. भंगार नाही, भाऊंनी स्वतः निवडून आणलेलं आहे. आता तू तुझ्या बाजूचं ते नवंकोरं पिवळं काढ आणि वाटणीत तुला आलेलं निळं लाव. तुझ्या खोक्यात ती निळी किती पडली असतील ते मला चांगलं माहीत आहे, कारण एकेक पाकीट फोडलं जात होतं तेव्हा मी समोर बसलो होतो.

आठवतं? मॉड्यूलांचं खोकं मामांनी वाटायला घेतलं, प्रत्येक पाकिटात दोन. मामांना वाटलं, दोन आहेत म्हणजे दोघांना एकेक. "निळं थोरल्याला, पिवळं धाकल्याला. हाय का न्हाय न्याय?" पूर्ण खोकं त्यांनी असं वाटलं. सगळी निळी तुझ्याकडं, सगळी पिवळी माझ्याकडं. एकाचंही दुसऱ्याशिवाय काम नाही. मामांना काय कळणार? पण तुला कळत होतं. तू मिशीत हसत होतास. माझ्या घरात रिकामी पिवळी पडून राहणार याचा तुला इतका आनंद झाला, की तुझ्या घरात निळी पडून राहणार याचंही दुःख झालं नाही.

त्या वाटणीतली दोन टोकं जोडली जातील तर लिंक येईल. तू पाठवलेलं मी लावणार नाही. मी मेल्यावर पोरांनी लावलं तर लावू दे.

माऊली


लोणावळा
९ ऑगस्ट

चि. माऊलीस,

आशीर्वाद.

दोन्हीकडे पिवळी कडी. वा. असा पराक्रम तालुक्यात आपल्याच घराण्यात व्हायचा.

मी हसत होतो हे कबूल. पण तू काय करत होतास? तू तर चेहऱ्यावर भक्तिभाव आणून मामांसमोर हात पुढं करत होतास, प्रसाद घेतल्यासारखा. एकदा तरी बोललास का, की मामा, यांची जोडी असते? नाही बोललास. कारण तुलाही तेच हवं होतं. मी निदान उघड हसलो. तू घरी जाऊन बायकोला सांगून हसला असशील.

आता कामाचं. गरज कुणाला आहे? ज्याला गरज आहे त्यानं कडी बदलायची. निळं तुझ्या खिडकीत आहे, खिडकीपासून स्विच दोन पावलांवर आहे. तेवढं चालवत नसेल तर पंधरा तारखेला त्या बूटवाल्याला हार घाल. मी माझं पिवळं काढणार नाही. एकदा वेग खाली आणला, तेवढं वाकणं माझ्या वयाला पुरे.

कैलास


टाकवे
१२ ऑगस्ट

दादा,

नमस्कार. ही चिठ्ठी सारिकाची आहे. यांना दाखवलेली नाही. तुमची पत्रं दूधवाल्याकडून मीच घेते आणि यांची मीच देते, त्यामुळं सगळं वाचलेलं आहे. उगाच कुणी लाजायचं कारण नाही, लाज वाटायची वेळ केव्हाच गेली.

आमच्या गोठ्यातल्या दोन म्हशी दिवसभर शिंगं लावतात, पण संध्याकाळी एकाच दारातून आत येतात. तुम्हा दोघांना तेवढंही जमत नाही. इकडं हे स्विचच्या खोलीत बसून पिवळ्या कडीकडं बघत असतात, जणू तिथून शिवाजी महाराज बाहेर येणार आहेत. तिकडं तुम्ही फडकं टाकून बसलात. मधल्या मधी गावातली माणसं आमच्या दारावरून जाताना मान वळवतात. कालपर्यंत "वहिनी, चा टाका" म्हणून ओट्यावर बसणारी माणसं ती. मला तुमच्या दोघांच्या स्वाभिमानाचा उबग आला आहे.

आणि दुसरी वाट आधी बघून ठेवणाऱ्या माणसाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून तर मी दूध उतू घालवलं. जाऊबाई मला वडगावला मामांकडं भेटल्या. त्यांनी सगळं सांगितलं. घाटात दरड पडली की तुमचीही लाइन जाते. या पावसात दोन शनिवार-रविवार बंगल्यांमध्ये इंटरनेट नव्हतं, आणि दुसरी वाट दाखवा नाहीतर चालते व्हा, असं बंगलेवाल्यांनी तुम्हाला सांगितलंय. तळेगावची लाइन जोडली गेली की आमच्यावरून जाणारी ही केबलच तुमची दुसरी वाट होणार आहे. तुम्हाला ती आमच्याएवढीच हवी आहे. पण तुम्ही ती आम्हाला दान देताय!

हे मी यांना सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर हे आणखी आठ दिवस ताठ होतील. तुम्ही शहाणे व्हा. तुमच्या खोक्यातलं निळं मॉड्यूल काढा आणि लावा. हे आपलं पिवळं हलवणार नाहीत, मी ओळखून आहे.

सारिका


लोणावळा
१६ ऑगस्ट

माऊली,

तुझ्या बायकोनं मला चिठ्ठी लिहिली. काय लिहिलं ते तिलाच विचार. चौदा तारखेला संध्याकाळी चिठ्ठी मिळाली आणि मी त्याच पावली खोलीवर गेलो. नवं पिवळं काढलं, वाटणीतलं खोकं फोडलं आणि भाऊंनी आणलेलं निळं लावलं. तुला हवं होतं अगदी तेच.

आणि तू काय केलंस? पलीकडून उजेडच नाही. मी बसून राहिलो. मॉड्यूल काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. काही नाही. पंधराला सकाळी झेंडावंदनाला गेलो नाही, स्विचसमोर बसलो होतो. दुपारपर्यंत काही नाही. मी वाकलो हे बघायचं आणि मग तुझं टोक काढून ठेवायचं, हा तुझा डाव असेल तर तू जिंकलास. इतका हलकटपणा मला जमला नसता, आणि मला पुष्कळ जमतो.

तुला खरं हवं ना? घे. मला ही लाइन हवी आहे. घाटातली पुन्हा गेली तर बंगले जातील, आणि बंगले गेले तर माझ्याकडं तो दहा जीचा स्विच आणि त्यावरचं फडकं एवढंच उरेल. बास. आता सगळ्या तालुक्याला वाचून दाखव.

कैलास


टाकवे
३ सप्टेंबर

दादा,

उशीर झाला. लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

मी टोक काढून ठेवलं नव्हतं. चौदा तारखेला संध्याकाळी सरपंचांकडून परत आलो. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. घरी आलो, खिडकीतलं तुझं निळं उचललं, माझं पिवळं काढलं आणि ते लावलं. सारिका गोठ्यात होती, तिलाही सांगितलं नाही. तुझं पाठवलेलं लावताना कुणी बघू नये असं वाटत होतं. दिवा लागला नाही. म्हटलं, कैलासनं भंगार पाठवलं, वर मलाच भंगारवाला म्हणतो. रागारागात खोलीला कुलूप लावलं आणि दुसऱ्या दिवशी सभेला जाऊन बसलो.

तुझ्याकडं निळं, माझ्याकडं निळं. दहा दिवस दोघांकडं पिवळी होती तेव्हा कुणी हललं नाही, आणि हललो तर एकाच संध्याकाळी हललो. मला हसू येत नाही. तुला येत असेल तर हस.

सभेत बूटवाल्यानं पडद्यावर चित्रं दाखवली. माझं नाव निघालं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "त्याची लाइन कुटं हाय?" मी उभा राहिलो आणि पुन्हा खाली बसलो. कंपनीला खांब द्यायला हात वर झाले. ज्यांच्या घरी मी पावसात शिडी लावून गेलो त्यांचे हात वर झालेले मी बघितले. मला त्यांचा राग आला नाही. माझी किळस आली, आणि तुझीही.

घरी आल्यावर सारिकानं तिच्या चिठ्ठीबद्दल सांगितलं. मग डोक्यात प्रकाश पडला. सोळाला निळं काढून पुन्हा पिवळं लावलं. हात काढायच्या आत हिरवा दिवा लागला. तुझ्याकडंही लागला असेल.

तुझं पत्र त्यानंतर आलं. तुला लाइन हवी आहे, हे एक वाक्य जुलैत लिहिलं असतंस तर मी तुझं निळं, काळं, फुटकं, कसलंही मॉड्यूल लावलं असतं. तुला काही हवं असलं की मी लहानपणापासून धावतोच, तुला माहीत आहे. पण तू मला द्यायला निघालास. ते मला घेता येत नाही. तुझ्याकडून तर नाहीच.

कंपनीनं मला नोकरी दिली. इथले खांब, इथली माणसं माहीत असलेला माणूस त्यांना हवा होता. निळा टीशर्ट दिलाय, पाठीवर त्यांचं नाव आहे. सारिका म्हणते, रंग शोभतो. तिच्या बोलण्यात आता टोमणा कुठला आणि माया कुठली हे मला कळत नाही.

आंबीची केबल ठरल्याच्या आधीच जोडली गेली, पण खांब आता कंपनीचे. बाहेरची जोडणी एकही ठेवायची नाही असा त्यांचा नियम आहे. काल त्यांची दोन माणसं घेऊन मी आपल्या खोलीत गेलो. भाऊंची केबल भिंतीतून येते तिथं त्या पोरानं पक्कड लावली. मी त्याला बाजूला केलं. स्विचवर आपला दिवा चालू होता, हिरवा, अगदी स्थिर. तुझी दुसरी वाट त्या दिव्यावर होती, हे मला ठाऊक होतं. कंपनीचे साहेब दारात उभे होते.

वायर मी स्वतः काढली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

माऊली